'बिकॉज ऑफ द रेन' कॉम्प्लेक्स का नाही? क्लॉज मोजायचे कसे आणि ओळखायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठवी-नववीच्या मुलांना सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स शिकवताना वाक्यात बिकॉज, आफ्टर, व्हेन असं काही दिसलं की मुलं डोळे झाकून 'कॉम्प्लेक्स' म्हणून मोकळी होतात, मग 'बिकॉज ऑफ द रेन वी स्टेड होम' हे सिंपल आहे म्हटलं की गडबडतात, तर हे समजवायचं कसं? आणि क्लॉजला मराठीत म्हणायचं काय, वाक्यांश की उपवाक्य? (क्लॉज म्हणजे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेला तुकडा. सिंपल वाक्यात तो एकच, कंपाउंडमध्ये बरोबरीचे दोन किंवा जास्त, कॉम्प्लेक्समध्ये एक मुख्य आणि बाकी त्याच्यावर अवलंबून.)

दुसरा भाग आधी उरकतो. वाक्यांश नको, तो शब्द फ्रेजसाठी वापरला जातो. उपवाक्य बरोबर आहे पण त्यातल्या 'उप'मुळे मुलांना वाटतं की हे फक्त गौण असणार, मग मेन क्लॉजला 'प्रधान उपवाक्य' म्हणताना आपलीच जीभ अडखळते. आपल्या शालेय व्याकरणात सरळ प्रधान वाक्य आणि गौण वाक्य म्हणतात, तेही चालतं. पण वर्गात क्लॉज म्हणा आणि पुढे चला, शब्दाने फारसं काही अडत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, कॉम्प्लेक्स म्हणजे मिश्र आणि कंपाउंड म्हणजे संयुक्त, ही जोडी मुलं हमखास उलटी करतात.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते सगळा घोळ जोडशब्दांच्या यादीपासून सुरू होतो. आपण फळ्यावर यादी लिहून देतो, अँड-बट-ऑर आलं की कंपाउंड, बिकॉज-व्हेन-इफ आलं की कॉम्प्लेक्स, आणि मुलं ती पाठ करतात. पण आफ्टर, बिफोर, सिन्स, अन्टिल हे शब्द सिंपल आणि कॉम्प्लेक्स दोन्हीकडे नांदतात. 'आफ्टर लंच ही स्लेप्ट' मध्ये आफ्टरच्या मागोमाग नुसतं नाम आहे, 'आफ्टर ही एट लंच, ही स्लेप्ट' मध्ये मागोमाग कर्ता आणि क्रियापद आहे. आफ्टर तोच, वाक्याचा प्रकार वेगळा. (यात भर म्हणजे हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी 2002 च्या त्यांच्या इंग्रजी व्याकरणात आफ्टर, बिफोर आणि बिकॉजला सुद्धा सरळ प्रेपोझिशन म्हणून टाकलंय, पण ते मुलांना सांगायला जाऊ नका.)

म्हणून यादी बाजूला ठेवा आणि आधी क्रियापदं मोजायला शिकवा. इथे आपल्या मुलांना एक आयती सोय आहे जिच्याकडे इंग्रजीचे शिक्षक सहसा बघतच नाहीत. मराठीच्या तासाला त्यांना क्रियापद आणि धातुसाधित यातला फरक शिकवलेला असतो, की 'जाऊन', 'करताना', 'बसलेला' यात क्रिया आहे पण वाक्य पुरं होत नाही, म्हणून ते क्रियापद नाही. इंग्रजीत तेच, 'टू गो', 'रनिंग', 'हॅविंग फिनिश्ड' ही सगळी धातुसाधितं. क्लॉज मोजायचा तो फक्त खऱ्या क्रियापदावरून, ज्याला इंग्रजीत फायनाइट व्हर्ब म्हणतात.

खरं क्रियापद कुठलं हे कळायला सोपी युक्ती: आजचं वाक्य कालचं करायचं, जे शब्द बदलतील ती क्रियापदं. 'ही वॉन्ट्स टू गो होम बिकॉज ही इज टायर्ड' हे कालचं केलं की 'ही वॉन्टेड टू गो होम बिकॉज ही वॉज टायर्ड'. वॉन्ट्स बदललं, इज बदललं, 'टू गो' जागचं हललं नाही. दोन क्रियापदं, दोन क्लॉज. वाक्य आधीच भूतकाळात असेल तर उलटं करा, कालचं आजचं करा. आज्ञार्थी वाक्यात ही युक्ती चालत नाही आणि 'मस्ट' काही केल्या बदलत नाही, तेवढं तोंडी सांगायचं.

आता ही दोन वाक्यं शेजारी शेजारी फळ्यावर लिहा: 'हिअरिंग द न्यूज, शी केम रनिंग टू टेल अस' आणि 'आय थिंक ही लाइज'. पहिल्यात नऊ शब्द, क्रियेचे शब्द चार, हिअरिंग, केम, रनिंग, टेल, पण काळ बदलून बघितला तर हलतं फक्त केम, म्हणजे वाक्य सिंपल. दुसऱ्यात चारच शब्द, जोडशब्द एकही नाही, तरी थिंक आणि लाइज दोन्ही हलतात, मधला 'दॅट' गाळलेला आहे इतकंच, म्हणजे वाक्य कॉम्प्लेक्स. लांबीवरून आणि जोडशब्दावरून प्रकार ठरवायची सवय या जोडीने चांगली मोडते. 'बिकॉज ऑफ द रेन'चं उत्तरही यातच आलं, त्यात क्रियापद एकच, स्टेड.

इथे एक खबरदारी. क्लॉज मोजताना मराठी भाषांतर करू देऊ नका. मराठी बोलणं धातुसाधितांवर चालतं. 'द बॉय हू केम यस्टरडे इज माय कझिन' याचं भाषांतर कुठलंही मूल 'काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे' असंच करणार, 'जो मुलगा काल आला तो' असं घरी कोण बोलतं? आणि 'काल आलेला' झालं की वाक्य केवल झालं, मुलगा म्हणणार सिंपल, आणि त्याच्या मराठीपुरतं त्याचं बरोबरही आहे. तसंच 'व्हेन द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट' म्हणजे 'पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो'. इंग्रजीतला क्लॉज मराठीत एका '-ल्यावर' मध्ये जिरून जातो. त्यामुळे मोजणी इंग्रजी वाक्यावर बोट ठेवूनच करायची.

पण मोजून झाले की पुढे क्लॉज कुठल्या जातीचा, नाऊन, अ‍ॅडजेक्टिव्ह की अ‍ॅडव्हर्ब, हे ओळखताना मात्र मराठीसारखा दुसरा मदतनीस नाही, आणि हे मला फार आवडतं. 'व्हेन' घ्या.

'आय नो व्हेन ही विल कम.'
'कॉल मी व्हेन ही कम्स.'
'आय रिमेम्बर द डे व्हेन ही केम.'

इंग्रजीत तिन्हीकडे व्हेनच. मराठीत बोलून बघा: तो कधी येणार ते मला माहितीय, तो येईल तेव्हा फोन कर, ज्या दिवशी तो आला तो दिवस मला आठवतो. कधी, तेव्हा, ज्या दिवशी, तीन वेगळी रूपं आपोआप तोंडात आली. पहिलं नाऊन क्लॉज, 'मला काय माहितीय?' याचं उत्तर. दुसरं अ‍ॅडव्हर्ब क्लॉज, फोन केव्हा करायचा ते सांगतं. तिसरं 'डे' या नामाला चिकटलेलं, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. मुलांना व्याख्या पाठ नसली तरी कान बरोबर सांगतो.

आणि यातूनच आणखी एक जुनी अडचण सुटते. व्हेन आणि इफ नंतर 'विल' वापरायचं नाही असं आपण शिकवतो, मग पहिल्या वाक्यात 'विल' कसं आलं? कारण तो नियम अ‍ॅडव्हर्ब क्लॉजचा आहे, नाऊन क्लॉजला तो लागू नाही. इफचंही असंच, 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' म्हणजे तो येईल की नाही माहीत नाही, आणि 'इफ ही कम्स, आय विल गो' म्हणजे तो आला तर मी जाईन. 'की नाही' निघालं तर नाऊन क्लॉज, 'तर' निघालं तर अ‍ॅडव्हर्ब. हुशार मुलं 'इफ ही विल कम' चूक म्हणून खोडायला धावतात, त्यांच्यासाठी ही जोडी हाताशी ठेवा.

'दॅट'ची परीक्षा वेगळी. 'द स्टोरी दॅट ही टोल्ड' आणि 'द फॅक्ट दॅट ही लाइड', दोन्ही दिसायला जुळी भावंडं. पहिल्यात दॅट काढून व्हिच ठेवता येतं, कारण टोल्डचं कर्म म्हणजे ती स्टोरीच आहे, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. दुसऱ्यात व्हिच बसत नाही, 'ही लाइड' स्वतःत पुरं आहे, आणि फॅक्ट कुठली तर तो खोटं बोलला हीच, म्हणून नाऊन क्लॉज. मराठीत पहिलं 'त्याने सांगितलेली गोष्ट' आणि दुसरं 'तो खोटं बोलला ही गोष्ट'. फरक लगेच ऐकू येतो.

मराठीचा त्रास होतो तो जोड्यांचा. आपल्याकडे जो-तो, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी अशा जोड्या लागतात, इंग्रजीला सहसा एकच टोक पुरतं. म्हणून मुलं 'दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' लिहितात, 'अ‍ॅज इट वॉज लेट, सो वी लेफ्ट' लिहितात, आणि 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय कझिन' हे तर कायमचं. नुसतं चूक म्हणून लाल रेघ मारण्यापेक्षा सांगा की 'दो'मध्ये जरी आणि तरी दोन्ही आलं, आता 'बट' लावलं तर तरी दोनदा झालं. (जर-तर तेवढं सुटतं, इफ सोबत देन चालतं.)

कंपाउंडबद्दल एक वाद आहे तो माहीत असू द्या. 'शी ओपन्ड द डोअर अँड वॉक्ड इन' मध्ये कर्ता एक, क्रियापदं दोन. आपल्याकडच्या रूपांतराच्या सरावात हे कंपाउंड धरतात, अमेरिकन शालेय पुस्तकं याला कंपाउंड प्रेडिकेट असलेलं सिंपल वाक्य म्हणतात. नेटवर बघून आलेला मुलगा विचारणारच. मी असतो तर सांगितलं असतं की आपल्या परीक्षेत कंपाउंड लिही, आणि पाहिजे तर 'अँड' नंतर मनात 'शी' घालून बघ. तसंच 'हॅविंग फिनिश्ड द वर्क' हाही क्लॉजच असं कुणी म्हणालं तर तेही निराधार नाही, क्वर्क आणि मंडळींच्या 1985 च्या मोठ्या व्याकरणात त्याला नॉन-फायनाइट क्लॉज म्हणतात, पण आपला हा धडा फायनाइटवर उभा आहे, दोन्ही हिशेब एकत्र केले की मोजणीच कोसळेल. तसं ही वर्गवारी काही आकाशातून पडलेली नाही, लिंडली मरेच्या 1795 च्या व्याकरणात वाक्यांचे प्रकार दोनच होते, सिंपल आणि कंपाउंड, कॉम्प्लेक्सचा वेगळा कप्पा नव्हता.

रूपांतराचा सराव घेताना एकच अर्थ तिन्ही साच्यांत फिरवा: 'ही इज टू वीक टू वॉक' सिंपल, 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' कॉम्प्लेक्स, 'ही इज व्हेरी वीक, सो ही कॅनॉट वॉक' कंपाउंड. इथे दोन 'सो' आलेत, एक 'दॅट'ला सोबत घेऊन 'इतका की' म्हणणारा आणि दुसरा 'म्हणून' म्हणणारा, ते मुलांकडूनच काढून घ्या. 'देअरफोर' आणि 'हाउएव्हर' मात्र यात आणू नका, ते अर्थाने जोडतात पण व्याकरणाने नाही, त्यांच्या आधी नुसता कॉमा देऊन दोन वाक्यं चिकटवली की चूक धरतात, तिथे सेमिकोलन किंवा पूर्णविराम लागतो.

राहिलं विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी. ही वेगळी वाटणी आहे, अर्थावरून केलेली, आणि सिंपल-कॉम्प्लेक्स ही रचनेवरून. एकच वाक्य दोन्हीकडे बसतं हे दाखवायला 'डू यू नो व्हेअर ही लिव्हज?' घ्या, प्रश्नार्थीही आहे आणि कॉम्प्लेक्सही. शिवाय मुलं तिथे 'व्हेअर डज ही लिव्ह' लिहितात तीही चूक सापडते, कारण मराठीत 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो माहितीय का?' यात 'तो कुठे राहतो' जसंच्या तसं राहतं, इंग्रजीत मात्र प्रश्न क्लॉज म्हणून आत गेला की 'डज' गळून पडतो आणि कर्ता आधी येतो.