तोड द्यायच्या आधी ढोल्या मोजा (धनेश आणि खाजगी रान)
तुमची पोस्ट वाचली. वडिलांच्या रानात पूर्वी धनेशांचे (मोठ्या चोचीचे हे पक्षी, हॉर्नबिल) थवे यायचे, आता एखादीच जोडी दिसते, ठेकेदार तोडायला ऐन-किंजळाची झाडं मागतोय, तर थोडी तोड देऊन धनेशासाठी फळझाडं लावली तर चालेल का, असं विचारलंय. आमच्या संगमेश्वरकडच्या रानात आठ वर्षांपूर्वी माझं डिट्टो हेच चाललेलं, म्हणून लिहितोय.

फळझाडांचं नंतर. धनेश ढोली, म्हणजे घरट्यासाठी खोडातली पोकळी, स्वतः कोरत नाही, त्याला जुन्या झाडाची आयतीच लागते, मादी तिच्यात स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून भरवतो. अशी ढोली तयार व्हायला झाडाचं अख्खं आयुष्य जातं.

माझी चूक अशी की मी ठेकेदाराला सांगितलं, "पोकळ, किडकी काढा, चांगली राहू देत." मला वाटलं रानाचं भलंच करतोय. जानेवारीत तोड लागली, तिसऱ्या दिवशी गेलो तर मोठा बेहडा आडवा, ढोलीच्या तोंडाला गेल्या सालचं सुकलेलं लिंपण तसंच, आत काजऱ्याच्या झाडाच्या बिया, धनेश त्याची फळं खातो. मार्चमध्ये जोडी आली, चार दिवस त्या मोकळ्या जागेवर ओरडत फिरली आणि गेली ती गेलीच.

आणि त्याआधी एका ऑफिसात मी तीन खेपा घातलेल्या, की तोडीच्या परवानगीतून ठरावीक झाडं वगळून मिळतील का. तर म्हणे अर्जात तसा रकाना नाही! शेवटी कंटाळून मी नाद सोडला, तो सोडायला नको होता, अजून जीव जळतो.

तेव्हा फेब्रुवारी ते मे रानात फिरा, कुठल्या झाडाखाली बियांचा खच पडतो, नर चोचीत फळ घेऊन कुठे जातो ते लांबून बघा. त्या झाडांना पांढरा पट्टा मारा, फोटो काढा, ठेकेदाराच्या कागदात नंबर लिहून घ्या, तोंडी काही ठेवू नका. आजूबाजूची झाडंही राखा, ढोली उघड्यावर पडली की उपयोग नाही. वड, उंबर, नांद्रुक, काजरा यांना हात लावू द्यायचा नाही, लाकूड कवडीमोल असलं तरी. होळीच्या आधी जाळरेषा काढा, म्हणजे वणवा आत येऊ नये म्हणून गवत-पाचोळा काढलेला पट्टा, आणि ढोलीची जागा फोटोवाल्यांना अजिबात सांगू नका.

मी तज्ज्ञ नाही, एका रानाचा अनुभव आहे. धनेशाच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, बाकी कायद्याचं वकिलाला विचारा.

आमच्याकडे आता उंबर पिकला की धनेश येतात, खातात आणि संध्याकाळी खिंडीपलीकडे निघून जातात. तुमच्याकडे जोडी अजून येतेय म्हणजे जवळपास ढोली शिल्लक असू शकते. ती सापडेपर्यंत ठेकेदाराकडून टोकन घेऊ नका.