मैदानी सवाल : लेकीच्या आईने पुन्हा हर्डल्स धरावेत का?

प्रश्न : माझं वय ३३. कॉलेजात असताना मुंबई विद्यापीठाच्या स्पर्धांमध्ये १०० मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, धावायचे. मग नोकरी, लग्न, लेक. लेक आता चार वर्षांची आहे. परवा नवऱ्याने असुका तेरादा या जपानी हर्डलरबद्दल सांगितलं. मूल झाल्यावर ती आधीपेक्षा वेगात धावली म्हणे. हे खरं की कुणीतरी फुगवलेलं? सासूबाई म्हणतात, 'या वयात कसल्या उड्या मारतेस?' मी सुरुवात करू का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : अगदी खरं आहे, घड्याळाच्या साक्षीने.

तेरादा साप्पोरोची, जन्म १९९०चा. २००८ मध्ये, अठराव्या वर्षी जपानची राष्ट्रीय विजेती झाली. २००९ आणि २०१० लाही तीच. २००९ मध्ये तिने १३.०५ सेकंदांची वेळ दिली, आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत रौप्यपदक घेतलं, बर्लिनच्या जागतिक स्पर्धेतही धावली. जपानचा विक्रम तेव्हा १३.०० सेकंदांचा होता, इवॉन कानाझावाचा, २००० सालातला. एकोणीस वर्षांची पोर विक्रमापासून पाच शतांश सेकंदांवर! हा विक्रम आता हिचाच, असं कुणालाही वाटलं असतं. पण दुखापती सुरू झाल्या, खाण्याच्या विकाराने गाठलं आणि २०१३ मध्ये, तेविशीत, तिने निवृत्ती घेतली.

इथे जरा थांबते, कारण हे जपानपुरतं नाही. शाळेत पी.टी. शिकवताना डबा न उघडता परत नेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कुणीतरी सांगितलेलं असतं, 'दोन किलो उतरव, पळशील.' पाळी चुकली तर 'बरंच झालं, स्पर्धेच्या वेळी कटकट नको' म्हणणाऱ्या आयाही पाहिल्या आहेत. बायांनो, पोटाला कमी पडलं की पाळी थांबते, हाडं कच्ची होतात, पायाच्या हाडाला बारीक चिरा जातात. पाळी लांबली तर आधी डॉक्टर, मग ट्रॅक.

असो. तेरादाने लग्न केलं, वासेदा विद्यापीठात प्रवेश घेतला, २०१४ मध्ये मुलगी झाली. २०१६ मध्ये ती परत मैदानात आली, पण सात जणींच्या रग्बीत! तिथे घोट्याचं हाड मोडून घेतलं. २०१८च्या अखेरीस पुन्हा हर्डल्सकडे वळली. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने १३.०० ची बरोबरी केली आणि १ सप्टेंबरला फुजियोशिदाला १२.९७. तेरा सेकंदांच्या आत धावलेली ही पहिली जपानी बाई, आणि घरी पाच वर्षांची लेक. २०२१च्या एप्रिलमध्ये १२.९६, जूनमध्ये १२.८७. त्याच वर्षी अकरा वर्षांनी पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद, आणि टोकियो ऑलिम्पिकची उपांत्य फेरी. १०० मीटर हर्डल्समध्ये तिथपर्यंत याआधी पोचलेली जपानी हर्डलर कानाझावाच होती, २००० साली सिडनीत.

आता, हे जमलं कसं? लोक 'आईची जिद्द' वगैरे म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही; जिद्द तेविशीतही होतीच की. माझ्या मते ताकद आणि डोकं, दोन्ही बदललं. पहिला हर्डल १३ मीटरवर, मधली अंतरं साडेआठ मीटरची, शेवटच्या हर्डलनंतर साडेदहा मीटर. दोन हर्डल्समध्ये तीनच पावलं बसतात. अंतर ठरलेलं, पावलं ठरलेली. म्हणजे वेळ कमी करायची तर पाऊल लांबवून चालत नाही, ते लवकर टाकावं लागतं. रग्बीत सतत थांबून पुन्हा झेपावायचं, धक्के खायचे, उठायचं. पहिल्या हर्डलपर्यंतच्या आठ पावलांना लागणारी ताकद तिथे तयार होत असणार, असा माझा तर्क आहे. आणि 'हरले तरी मी कुणीतरी आहे' हे एकदा कळलेली बाई स्टार्टिंग ब्लॉकवर वेगळी बसते.

सासूबाईंना एवढंच सांगा, की हर्डल्समध्ये उड्या मारायच्याच नसतात. जी उंच उडते ती हरते. हर्डल ८४ सेंटीमीटरचा. त्यावरून जेमतेम निसटायचं आणि पाय लगेच खाली आणायचा.

आणखी एक. २०२३ मध्ये बँकॉकच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत आपल्या ज्योती याराजीने १३.०९ सेकंदांत सुवर्ण घेतलं. दुसरी कोण आली? तेरादा, १३.१३. तेव्हा ती बरोबर तुमच्या वयाची होती.

पण तिच्या मागे प्रशिक्षक, फिजिओ अशी फौज होती आणि तुमच्या मागे सकाळची फास्ट लोकल आहे, हे विसरू नका. आधी स्त्रियांच्या व्यायामाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टला भेटा. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल राहिलेले असू शकतात. धावताना, शिंकताना थेंब गळत असतील तर तसंच सांगा, लाजू नका. त्यावर व्यायाम आहेत. मग काही महिने नुसतं सपाट धावणं, चढावर छोटे स्प्रिंट, पायांची ताकद. हर्डल्स धराल तेव्हा सगळ्यांत कमी उंचीचे घ्या आणि मधलं अंतर घटवा, म्हणजे तीन पावलं ओढाताण न होता बसतील. कॉलेजचं अंतर आणि कॉलेजची उंची पहिल्याच दिवशी मांडलीत, तर मांडीचा मागचा स्नायू नक्की धरणार. पावसाळ्यात ओल्या ट्रॅकवर हर्डल्स बंद.

सिंथेटिक ट्रॅक प्रियदर्शिनी पार्कला आहे, मरीन लाइन्सला विद्यापीठाच्या मैदानावर आहे, कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात आहे. मुलुंडहून तिन्ही लांब, मला कल्पना आहे. बाहेरच्यांना कधी आत घेतात ते फोन करून विचारा आणि रविवार त्यासाठी ठेवा. बाकीचे दिवस जवळच्या मातीच्या मैदानावर. डांबरी रस्त्यावर नको. मास्टर्स, म्हणजे पस्तिशीपुढच्यांच्या, स्पर्धांमध्ये पस्तिशीच्या गटाला याच उंचीचे पूर्ण १०० मीटर हर्डल्स असतात, चाळिशीनंतर ८० मीटर. तुमच्या हातात दोन वर्षं आहेत. घाई करू नका.

प्रश्न : १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये एक जपानी धावपटू शर्यतीआधी ट्रॅकवर कोलांट्या मारायची, असं आमचे एक काका सांगत. थाप असावी?
— एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : काकांना मानलं पाहिजे. ती इकुको योदा. शर्यतीआधी शिट्ट्या वाजवायची, हातांवर उलटी होऊन चाकासारखी गिरकी घ्यायची, कपाळाला दुखण्यावरचं मलम फासायची, झाडू घेऊन आपली लेनसुद्धा झाडायची. तीही हर्डलरच; तेव्हा स्त्रियांची हर्डल्सची शर्यत ८० मीटरची असे. १०० मीटर हर्डल्स ऑलिम्पिकमध्ये आले १९७२ पासून. योदाने अंतिम फेरी गाठली आणि १०.७ सेकंदांत पाचवी आली. काकांना आणखी खूश करायचं असेल तर सांगा, की त्याच टोकियोत पुरुषांच्या ११० मीटर हर्डल्समध्ये आपले गुरबचनसिंग रंधावाही पाचवेच आले होते.

प्रश्न : माझी आठवीतली मुलगी हर्डल पाडते आणि मग रडते. पाडला की बाद होतो का?
— एक पालक, विलेपार्ले

उत्तर : नाही. धावता धावता पडला तर पडू दे, बाद होत नाही. मुद्दाम ढकलला, मागचा पाय हर्डलच्या बाजूने खालून नेला किंवा दुसरीच्या लेनमध्ये जाऊन तिला अडवलं, तर बाद. पाडण्याने फक्त वेग जातो. ती हर्डलच्या फार जवळ येऊन पाय उचलत असेल. तो थोडा आधी उचलायला सांगा. आणि सरावाचे हर्डल्स शाळेने गंजलेल्या लोखंडाचे ठेवले असतील तर मुलीआधी मुख्याध्यापकांना भेटा.