मुंबईचं नंतर बघू, आधी पप्पांचं

बेळगावजवळच्या खानापूरहून एका मुलाचं पत्र आलंय. सेकंड पीयू म्हणजे बारावी सायन्स, 68 टक्के, मुंबई विद्यापीठातून सायकॉलॉजी घेऊन बीए करायचंय, तिथं गे मुलांना सपोर्ट असतो का, असं विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाताजाता लिहिल्यासारखं, पप्पांनी मोबाईल बघितला, आता म्हणतात आधी डॉक्टरला दाखवू, बरा झालास की बेळगावात इंजिनिअरिंग, रोज घरून अप-डाऊन.

अरे, खरं पत्र तर ही शेवटची ओळच आहे.

बरं व्हायला आजार तर पाहिजे ना? जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि 2022 मध्ये आपल्या नॅशनल मेडिकल कमिशननं अशी 'बदलून देण्याची' ट्रीटमेंट म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन असं ठरवलं. म्हणजे जो डॉक्टर "दोन महिन्यांत सरळ करतो" म्हणेल त्याचंच लायसन अडचणीत येऊ शकतं, हे पप्पांना कुणीतरी सांगायला पाहिजे, पण ते तू एकट्यानं, रात्री जेवताना, भांडत सांगू नकोस. पप्पा घाबरलेत हे कळतं मला, पण अ‍ॅडमिशनची फी हातात धरून पोराला डॉक्टरकडे न्यायचं याला काळजी म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.

केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, रँक आला असेल तर ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेजांची पसंती, भरून ठेव, हातात एक पर्याय राहील.

आता तुझा गैरसमज. तू जे 'साथी' या गे-लेस्बियन विद्यार्थ्यांच्या ग्रुपचं वाचलंयस ते आयआयटी बॉम्बेचं, आणि आयआयटीचा मुंबई विद्यापीठाशी संबंध नाही. मुंबई विद्यापीठ 1857 चं, 377 कलम आणणाऱ्या 1860 च्या पिनल कोडपेक्षाही जुनं (ते कलम समलिंगी संबंधांपुरतं 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं मोडीत काढलं). आपल्या बेळगावचं लिंगराज कॉलेजसुद्धा 1933 मध्ये त्यालाच जोडलेलं होतं, धारवाडचं विद्यापीठ तर 1949 ला आलं. पण नाव कितीही मोठं असलं तरी बीएला तू विद्यापीठात नाही, त्याच्या शेकडो कॉलेजांपैकी एखाद्यात बसणार, आणि सपोर्ट असेल तर तो त्या कॉलेजात असतो. म्हणून कॉलेजला फोन करून विचार, काउन्सेलर रोज असतो का नुसता बोर्डावर नाव आहे, हॉस्टेल आहे का, कारण मुंबईत बऱ्याच कॉलेजांना हॉस्टेलच नसतं आणि खोलीचं भाडं फीच्या वर जातं. यूजीसीच्या अँटी-रॅगिंग नियमांत 2016 पासून लैंगिक कलावरून त्रास देणंही रॅगिंगच धरलंय, आणि हा नियम बेळगावातही तेवढाच लागू आहे बरं का.

सायकॉलॉजी घेतलीस तर एमएपर्यंत जायची तयारी ठेव, नुसत्या बीएवर कुणी काउन्सेलर करत नाही. पण ती तुला आवडते म्हणून घेतोयस का घरातून सुटायला, हे मला तुझ्या पत्रात दिसलं नाही. सुटायलाच असेल तर तसंही चालेल, पण मग मुंबईच कशाला, जिथं हॉस्टेल मिळेल आणि खर्च झेपेल ते शहर आधी बघ.

पुण्याच्या आत्याला माहीत आहे आणि ती तुझ्या बाजूनं आहे असं लिहिलंयस ना, मग या आठवड्यात तिला फोन कर, फी आणि खोलीचं स्पष्ट बोल, आणि डॉक्टरचा विषय पप्पांकडे तिलाच काढू दे. तू पप्पांशी फक्त कोर्सवर बोल. मार्कशीट, टीसी, आधार स्वतःजवळ ठेव. जीव फारच घुसमटला तर 14416 ला फोन लाव, टेली मानस, मन मोकळं करायची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे.