साल्साच्या गाण्यात खून होतो आणि लोक नाचतात, हे कसं काय?

तुम्ही विचारलंय की साल्सा या लॅटिन अमेरिकन नाचाच्या क्लासमध्ये ज्या गाण्यावर सगळे हसत नाचतात त्यात दोघं मरतात, मग या लोकांना मरणाचं काहीच वाटत नाही का? वर्णनावरून गाणं ‘पेद्रो नावाहा’च असणार.

वाटतं की! पण गाण्याची बांधणीच अशी असते. आधी गोष्ट, मग मोंतुनो: कोरस एकच ओळ धरून बसतो आणि गायक मधेमधे आपली भर घालतो. गोष्टीत कोणी का मरेना, ताल ढिम्म हलत नाही. सगळी गंमत तिथे आहे.

‘पेद्रो नावाहा’ 1978 चं, ‘सिएम्ब्रा’ अल्बममधलं. पनामाच्या रुबेन ब्लेड्सने लिहिलं आणि गायलं, सोबत ट्रॉम्बोनवादक विली कोलोन. पेद्रो गुंड आहे. तिरकी हॅट, सोन्याचा दात, आणि वेळ आली तर पळता यावं म्हणून पायात कॅनव्हासचे बूट. रस्त्यावर गिऱ्हाइकाच्या शोधात फेऱ्या मारणाऱ्या बाईला तो सुरा खुपसतो. ती हातातल्या रिव्हॉल्व्हरने त्याला गोळी घालते आणि मरता मरता म्हणते, मला वाटलं आज माझाच दिवस वाईट, पण पेद्रो, तुझं तर त्याहून वाईट! मग एक दारुडा दोन्ही प्रेतांना अडखळतो, रिव्हॉल्व्हर, सुरा, पैसे खिशात टाकतो आणि बेसूर गात चालायला लागतो. रडणारं कोणी नाही, साधी चौकशीसुद्धा नाही. तो जे गातो, तेच कोरस उचलतो: आयुष्य तुम्हाला चकित करतं. नाचणारे नाचतच असतात.

माझं आवडतं गाणं मात्र कोलंबियाचं, वायेनातो या तिथल्या लोकसंगीतातलं. अबेल अंतोनियो व्हिया हा अ‍ॅकॉर्डियनवाला बाहेरगावी असताना तो मेल्याची आवई उठली आणि घरच्यांनी शोक सुरू केला. आपल्याकडे दहावा-तेरावा, तसा तिकडे नऊ रात्रींचा रिवाज. पाच रात्री झाल्या आणि हा जिवंत घरी हजर! त्यावर त्याने गाणंच केलं, आणि त्यात हिशेब मांडला: पाच रात्री केल्यात, चार अजून तुमच्याकडे येणं आहे. स्वतःच्या सुतकाची उधारी वसूल करणारा दुसरा गायक निदान माझ्या ऐकण्यात नाही.

सगळेच विनोद इतके गोड नसतात म्हणा. पोर्तो रिकोत 1950 च्या दशकात कोर्तिखोच्या बँडने गाजवलेलं ‘एल नेग्रो बेम्बोन’ घ्या. एका काळ्या माणसाचा खून होतो. तपासाला आलेला पोलीस विचारतो, का मारलंस? खुनी म्हणतो, त्याचे ओठ जाड होते म्हणून. पोलिसाचेही ओठ जाडच. तो आधी ते लपवतो आणि मग म्हणतो, हे काही कारण झालं नाही. चाल इतकी झकास आहे की पाय आपोआप ठेका धरतात. वर्णद्वेषावर इतकं बोचरं गाणं मी फार कमी ऐकलंय.