ताबा नको, भेट मागा

ताई, मुलगा जाऊन दीड वर्ष झालं, सून चार वर्षांच्या नातीला घेऊन नाशिकला माहेरी राहते, तुमचा फोन उचलत नाही, आणि ओळखीचे वकील म्हणतात "ताब्याचा अर्ज टाकू". हे वाचून मला माझेच दिवस आठवले. मीही तोच अर्ज टाकला होता. चौदा महिने नुसत्या तारखा पडल्या, नातू एकदाही दिसला नाही.

आजी-आजोबांना नातवंडं भेटलीच पाहिजेत असं सांगणारं कलम आपल्या कायद्यात नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे वडिलांच्या पश्चात आईच नैसर्गिक पालक. तिनं दुसरं लग्न केलं तरी तेवढ्यानं पालकत्व जात नाही (आमच्या भावकीला हे शेवटपर्यंत पटलं नाही). त्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच असावं, असंही त्याच कायद्यात आहे.

ताबा कधीच मिळत नाही असं नाही. कोविडमध्ये आई-वडील दोघंही गमावलेल्या अहमदाबादच्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये आजी-आजोबांना दिला. उच्च न्यायालयानं तो मावशीला दिला होता. नुसती कमाई आणि वय बघून हे ठरवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं पडलं. २००९ मध्ये तर वडील हयात असूनही, जन्मापासून सांभाळलेली नात आईच्या आईकडेच राहू दिली. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये आई वारलेल्या मुलाचा ताबा आजी-आजोबांकडून काढून वडिलांना दिला. कोर्ट मुलाचं हित बघतं, आणि तुमच्या नातीची आई तिला नीट सांभाळतेय, हे तुम्हीच लिहिलंय. मग ताबा कशाच्या जोरावर मागणार?

म्हणून फक्त भेट मागा. कौटुंबिक न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्यात ताब्याबरोबर भेटीचे अर्जही येतात. अर्ज नाशिकलाच करावा लागेल, कारण १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मूल जिथं राहतं तिथलं कोर्ट लागतं. तुमच्या सांगलीत टाकलात तर पहिलं वर्ष हद्दीच्या वादातच जाईल. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, भेटीचा अर्ज सोबतच द्या. कोर्टातल्या समुपदेशकासमोर सुनेबद्दल एकही वाकडा शब्द नको. माझ्या बायकोनं तिथं "आमचं पोरगं हिच्यामुळंच खचलं" म्हटलं आणि दोन महिन्यांचं बोलणं पाण्यात गेलं.

आता पैशाचं. पीएफ, विमा, फ्लॅट यांचा विषय या अर्जात आणू नका. मुलानं मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत तुम्ही, सून आणि नात, तिघींचा सारखा वाटा. मुलाच्या वडिलांचा नाही. तो हिशेब स्वतंत्र करा. दोन्ही एकत्र आलं की सुनेला वाटतं, पोरगी हे नुसतं निमित्त आहे. आमच्याकडे तसंच झालं, आणि खरं सांगायचं तर तिचं अगदीच चुकलं नव्हतं.

पुढं मी अर्ज बदलला. महिन्यातले दोन शनिवार मिळाले, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, दोन-दोन तास. पहिल्या दिवशी नातवानं मला ओळखलंच नाही. तासभर तो गाड्या लावत बसला, मी चाकं शोधून देत राहिलो. सुनेनंच तिसऱ्या महिन्यात "घरी या, बाबा" म्हटलं.

वाढदिवस आणि दिवाळी अर्जात वेगळी लिहून मागा. मी विसरलो होतो, त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागला.