युरोपचा अभ्यासदौरा: आधी मार्ग, मग बॅग

युरोपला अभ्यासदौऱ्यावर निघालेले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि सोबत जाणारे शिक्षक यांच्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आमचा बारा दिवसांचा दौरा पॅरिसला सुरू होतो, मधे तीन दिवस लंडन आणि मग ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम. शेंगेन व्हिसा एकच पुरेल ना?

उत्तर: पुरेल, पण तो मल्टिपल एंट्रीचा हवा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. पॅरिसहून लंडनला निघालात की शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि सिंगल एंट्रीचा व्हिसा तिथेच संपतो. मग लंडनहून ब्रसेल्सच्या रेल्वेत चढूही देत नाहीत. ब्रिटनचा व्हिसा अर्थातच वेगळा काढायचा. आयर्लंड आणि सायप्रससुद्धा शेंगेनबाहेर आहेत. उलट स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत.

ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथून पहिला प्रवेश, तिथे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्याच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात, म्हणून गटाने तीन महिने आधी कामाला लागावे. शुल्क प्रौढांना ९० युरो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी असलेला लागतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

अर्ज अडतात ते बहुधा तारखांच्या घोळामुळे: संस्थेच्या पत्रात एक तारीख, विमान तिकिटात दुसरी आणि विमा एक दिवस आधीच संपणारा. सगळे कागद एकाच वेळापत्रकावरून, पासपोर्टवरच्या स्पेलिंगनुसार तयार करा. व्हिसा हातात पडला की त्याच खिडकीपाशी स्टिकर वाचा. त्यावर वैधतेच्या तारखा वेगळ्या असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे. तारखा महिनाभराच्या दिसल्या तरी राहता येते ते लिहिलेल्या दिवसांइतकेच.

प्रश्न: अठरा दिवस, पाच शहरे. किती कपडे घेऊ? ट्रॉली बरी की सॅक?

उत्तर: अठरा दिवसांचे कपडे घेऊच नका, एका आठवड्याचे घ्या आणि दोनदा धुवा. पाच-सहा टी-शर्ट, दोन पँट, एक फ्लीस, एक पातळ वॉटरप्रूफ जॅकेट, सात जोड अंतर्वस्त्रे आणि मोजे. जीन्स एकच, तीही प्रवासात अंगावर, कारण हॉस्टेलच्या खोलीत ती वाळायला दोन दिवस घेते. जाड कोटापेक्षा एकावर एक घालायचे पातळ थर बरे: आल्प्समधल्या सकाळी तिन्ही थर लागतात आणि त्याच दिवशी खाली शहरात एकही नको होतो. खांद्यावर घ्यायला एक मोठा स्कार्फ ठेवा. सेंट पीटर्स बॅसिलिकात आणि इटलीतल्या बऱ्याच चर्चमध्ये खांदे-गुडघे उघडे असतील तर आत सोडत नाहीत.

बूट नवे असतील तर निघण्याच्या तीन आठवडे आधीपासून रोज वापरा. अभ्यासदौऱ्यात दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते, तेही दगडी फरसबंदीवर, आणि पहिल्याच दिवशी आलेला फोड शेवटपर्यंत सोबत करतो.

ट्रॉली की सॅक हे मार्गावर ठरते. व्हेनिसला पुलांना पायऱ्या आहेत, जुन्या इमारतींतल्या हॉस्टेलांना अनेकदा लिफ्ट नसते आणि फरसबंदीवर छोटी चाके निखळतात. तरी ट्रॉलीच हवी असेल तर मोठ्या रबरी चाकांची घ्या. मोठ्या बॅगेचे वजन १२ किलोच्या आत ठेवा, मग विमान कंपनी २३ किलो देत असली तरी. भरलेली बॅग उचलून कुणाच्याही मदतीशिवाय तीन मजले चढून बघा. दम लागून मधेच ठेवावी लागली तर सामान कमी करा. ही परीक्षा निघण्याच्या आदल्या रात्री घेऊ नका, आठवडाभर आधी घ्या.

मधल्या टप्प्यात स्वस्त विमान असेल तर त्याचे माप आधी बघा. इझीजेटमध्ये फुकट नेता येणारी बॅग ४५ × ३६ × २० सेंटीमीटरची असते, काही कंपन्यांची त्याहून लहान. गेटवर जास्तीचे पैसे भरावे लागतात, ते बऱ्याचदा तिकिटाहून जास्त.

प्रश्न: चार्जरसाठी कोणता अ‍ॅडॉप्टर?

उत्तर: युरोपभर वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, पण सॉकेट एक नाही. दोन गोल पिनांचा सपाट प्लग युरोपच्या मुख्य भूमीवर जवळपास सगळीकडे बसतो. जर्मन पद्धतीचा जाड गोल अ‍ॅडॉप्टर मात्र स्वित्झर्लंडच्या खोलगट सॉकेटात जात नाही. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसला तीन चौकोनी पिनांचा लागतो. एक अ‍ॅडॉप्टर आणि त्यावर तीन-चार यूएसबी पोर्टांचा चार्जर एवढे पुरते.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच. मर्यादा १०० वॉट-अवर (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप). २०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टने सुमारे ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. आकडा पुसला गेलेली बँक सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

प्रश्न: मुलीला रोजची औषधे आहेत. शिवाय खाण्याचे पदार्थ द्यावेत का? (एक पालक)

उत्तर: औषधे दौऱ्याच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची, मूळ वेष्टनात आणि हातातल्या बॅगेत. सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र, ज्यात ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव आणि मात्रा असेल, कारण तिथला फार्मासिस्ट ब्रँड ओळखेलच असे नाही. झोपेची, तीव्र वेदनाशामक किंवा एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराची) औषधे असतील तर प्रत्येक देशाचा नियम वकिलातीकडून आधी विचारून घ्या. साधी पॅरासिटामॉल जवळ असू द्या. फ्रान्स आणि जर्मनीत ती फक्त औषधाच्या दुकानात मिळते आणि रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात.

खाऊबाबत: युरोपीय संघाबाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात तूप आणि चीजही आले. बिस्किटे, चॉकलेट चालतात. जर्मनी, ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केटही बंद असल्याने शनिवारी थोडी खरेदी करून ठेवायला मुलीला सांगा.

प्रश्न: तीस विद्यार्थी आहेत. सगळ्यांचे पासपोर्ट मी स्वतःजवळ ठेवावेत का? (एक शिक्षिका)

उत्तर: मुळीच नको. ती एक बॅग गेली तर तीस जणांचा दौरा थांबतो. पासपोर्ट ज्याचा त्याने, कपड्यांच्या आत बांधायच्या पाऊचमध्ये. तुमच्याजवळ पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या छापील प्रती, विम्याचे क्रमांक आणि पालकांचे फोन असू द्या, सहशिक्षकाकडे दुसरा संच. अल्पवयीन असतील त्यांच्यासाठी दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र लागते. पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांची तक्रार, मग ती घेऊन आपल्या वकिलातीत. तक्रारीशिवाय विमाही पैसे देत नाही. आणीबाणीचा नंबर युरोपीय संघात सगळीकडे ११२.

संग्रहालयात शिरताना मोठ्या सॅक बाहेर ठेवाव्या लागतात आणि तीस जणांची लॉकरपाशी अर्धा तास रांग लागते. त्या दिवशी प्रत्येकाकडे फक्त छोटी पिशवी असू द्या, पाण्याची बाटली आणि वही मावेल एवढी.

प्रश्न: रोख किती?

उत्तर: थोडीच, त्यातही सुट्टी नाणी, कारण स्टेशनांवरची स्वच्छतागृहे अनेक ठिकाणी पैसे घेतात. चेकिया, हंगेरी, पोलंड आणि स्वित्झर्लंडची चलने वेगळी आहेत. एटीएम किंवा कार्डयंत्राने तुमच्या चलनात रक्कम दाखवू का विचारले तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. नाहीतर दर ते यंत्र ठरवते, आणि तो महाग पडतो.