स्किझोफ्रेनियातून सावरत असलेल्या भावाला सरकारी नोकरीत आरक्षण मिळेल का?

मिळू शकते, मात्र त्याच्याकडे किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 नुसार सरकारी आस्थापनांतील 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे, म्हणजे चुरस आहेच. जाहिरातीतील पद या गटासाठी सुनिश्चित (म्हणजे सरकारने योग्य ठरवलेले) आहे का, हे अर्जापूर्वीच पाहावे. माझ्या मते याहून मोलाचे कलम 20 आहे: सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर सरकारी कर्मचाऱ्याला सहसा कामावरून काढता येत नाही आणि पूर्वीचे काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. खासगी नोकरीत असे आरक्षण नाही; तिथे रात्रीच्या औषधाची गुंगी सकाळपर्यंत राहत असेल, तर दुपारची पाळी मागून घ्यावी.